जुन्या लॅपटॉपवर नवं विंडोज टाकल्यावर वायफाय, आवाज, टचपॅड बंद : योग्य ड्रायव्हर कसा शोधायचा

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांमध्ये एकच तक्रार वरचेवर ऐकू येते: "नवीन विंडोज टाकलं आणि वायफायच गेलं." ही यंत्रं बहुतेक करून २०१२ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेली असतात. कुणी शिकणाऱ्या मुलाचा लॅपटॉप आणतं, कुणी दुकानाच्या हिशेबाचा. यंत्र धडधाकट असतं, फक्त नव्या विंडोजला आतले एकदोन भाग ओळखता येत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर, नसतो. यातले बरेचसे लॅपटॉप घरच्या घरी, एक रुपयाही न खर्चता सुरू होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण लोकांचा सगळा वेळ इथेच वाया जातो. लॅपटॉपच्या नावावरून ड्रायव्हर शोधत बसू नका. एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षी, कंपनीने दोनतीन वेगवेगळ्या बनावटीची वायफाय कार्डं बसवलेली असतात. तुमच्या मित्राच्या तशाच लॅपटॉपवर चाललेला ड्रायव्हर तुमच्याकडे चालेलच असं नाही. शोधायचं ते आतल्या चिपच्या ओळख-क्रमांकावरून. तो कसा काढायचा ते पुढे सविस्तर येईल.

आधी लक्षणं

वायफायची यादीच उघडत नाही आणि टास्कबारवर नुसतं गोलाचं चिन्ह दिसतं, तर वायफायचा ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा बसला आहे. अक्षरं ताणल्यासारखी दिसतात, उजेड कमीजास्त करायची पट्टी गायब आहे आणि पॉवरच्या यादीत 'स्लीप'च दिसत नाही, ही तिन्ही लक्षणं ग्राफिक्सच्या एकाच ड्रायव्हरची. 'स्लीप' दिसत नाही म्हणून लोक पॉवर सेटिंग धुंडाळत बसतात, तिथे काही सापडत नाही. आवाज येतो पण हेडफोन लावला तरी स्पीकरमधूनच येत राहतो, किंवा माइक चालत नाही, तर विंडोजने आवाजासाठी सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला असतो. टचपॅडवर बाण हलतो पण दोन बोटांनी पान सरकत नाही, तिथेही तेच.

आणखी दोन लक्षणं वेगळी धरा. एक, शटडाउन केल्यावर पडदा काळा होतो पण पंखा फिरत राहतो आणि लाइट विझत नाही. दुसरं, सगळं नीट चालू होतं आणि काही दिवसांनी आपोआप पुन्हा बिघडतं. या दोन्हींचं कारण निराळं आहे, म्हणून त्यांच्याकडे शेवटी येतो.

आता स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळ्या त्रिकोणाची खूण असलेल्या नावावर दोनदा क्लिक केली की एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, हा सगळ्यात सोपा. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण भाग सुरू होत नाही, बहुधा आवृत्ती जुळत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. कोड ४३ म्हणजे तो भागच आपल्यात बिघाड असल्याचं कळवतो आहे. इथे ड्रायव्हर दोषी असू शकतो, पण भाग खराब असण्याची शक्यताही खरी आहे. हा कोड कागदावर लिहून ठेवा. पुढचा अर्धा निर्णय त्यावरच होतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली: 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून पुन्हा सुरू करणं वेगळं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे शटडाउन केल्यावर ड्रायव्हरांची जुनी अवस्था साठवली जाते आणि सुरू करताना तीच परत येते. रीस्टार्टमध्ये ती नव्याने उभी राहते. नवीन ड्रायव्हर टाकल्यावर दर वेळी हेच करायचं.

दुसरी: लॅपटॉपच्या कडेला किंवा कीबोर्डच्या वरच्या ओळीत वायफाय बंद-चालू करायचं बटण आहे का पाहा. नवं विंडोज आल्यावर त्या बटणाचा ड्रायव्हर जातो आणि रेडिओ बंद अवस्थेतच अडकून राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्ड बिनत्रिकोणाचं, व्यवस्थित दिसत असेल आणि तरी नेटवर्क सापडत नसेल, तर संशय या बटणावर घ्यायचा.

तिसरी तपासणी सगळ्यात जास्त लॅपटॉप वाचवते. वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही, असं कात्रीत सापडल्यासारखं होतं. त्यातून सुटका म्हणजे तुमचा अँड्रॉइड फोन. चार्जिंगच्या केबलने तो लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. यासाठी विंडोजला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची असली तर टेदरिंगचा पर्याय फिकटच राहतो.

इंटरनेट आलं की विंडोज अपडेटमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, रीस्टार्ट करा, पुन्हा दाबा. पहिल्या फेरीत चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा, ड्रायव्हर बसतो आणि तो बसल्यावरच त्याच्या मागचे भाग दिसू लागतात, म्हणून दुसरी फेरी लागते. मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ऑप्शनल अपडेट्स' आणि त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडा. या कोपऱ्यात कुणी जात नाही, पण जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर नेमके तिथेच पडून असतात. जे भाग बिघडले आहेत तेवढ्यांवरच टिक करा. जे नीट चालतंय त्याला हात लावू नका.

जुन्या विंडोजचा साठा

जुन्यावरच नवं चढवलं असेल, म्हणजे डिस्क पुसली नसेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर असतो. त्यात 'विंडोज', मग 'सिस्टम३२', मग 'ड्रायव्हरस्टोअर' आणि त्याखाली 'फाइलरिपॉझिटरी'. काल-परवापर्यंत चालत असलेले तुमच्या लॅपटॉपचे सगळे ड्रायव्हर या एका फोल्डरमध्ये आहेत. हा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, कारण विंडोज साधारण १० दिवसांनी तो आपणहून पुसतं. मागच्या विंडोजवर परत जायचा 'गो बॅक' पर्यायही तेवढेच दिवस टिकतो.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रिकोणाच्या नावावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कम्प्युटर फॉर ड्रायव्हर्स', आणि तो फोल्डर दाखवा. खालचा 'इन्क्लूड सबफोल्डर्स' टिक केलेला हवा. हजारभर फाइल्सच्या ढिगातून विंडोज स्वतःच जुळणारी फाइल उचलतं.

ज्यांनी अजून अपग्रेड केलेलं नाही, त्यांच्याकडे हा 'फाइलरिपॉझिटरी' फोल्डर सी ड्राइव्हवरच्या चालू 'विंडोज' फोल्डरमध्येच असतो. त्यांनी तो आजच कॉपी करावा. नव्याने फॉरमॅट करणार असाल तर हाच तुमचा आधार. फक्त ३२-बिट विंडोजचे ड्रायव्हर ६४-बिटवर अजिबात बसत नाहीत. विंडोज ११ तर ६४-बिटमध्येच येतं. ३२-बिटवरून येत असाल तर या साठ्याचा उपयोग नाही, थेट पुढे जा.

कंपनीचं पान

लॅपटॉपच्या बुडाला स्टिकरवर सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग असतो. स्टिकर घासून गेलं असेल तर बायॉसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) पहिल्या पानावर तोच क्रमांक सापडतो. कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावर तो टाका. मॉडेलचं नाव टाकण्यापेक्षा हे बरं, कारण क्रमांकावरून तुमच्याच यंत्रात काय बसवलं होतं ते कळतं.

तिथे "या ऑपरेटिंग सिस्टमसाठी ड्रायव्हर उपलब्ध नाहीत" असं दिसलं तर निराश होऊ नका. यादीत विंडोज १० किंवा ८.१, ६४-बिट निवडा. ८.१ चे बरेच ड्रायव्हर १० वर चालतात आणि १० चे बहुतेक ११ वर. विंडोज ७ चे मात्र शेवटचा उपाय म्हणून. इन्स्टॉलर विंडोजची आवृत्ती पाहून नकार देत असेल तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने ती फाइल मोकळी करा, आतला आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी फाइल) असलेला फोल्डर शोधा आणि वर सांगितल्याप्रमाणे डिव्हाइस मॅनेजरमधून दाखवा. नकार इन्स्टॉलरचा असतो, आतला ड्रायव्हर बरेचदा मुकाट्याने बसतो.

हार्डवेअर आयडीवरून शोध

इथवर काम झालं नसेल तर आता खरी किल्ली. त्रिकोणाच्या नावावर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि 'प्रॉपर्टी'च्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. चारपाच लांबलचक ओळी दिसतील. त्यांतले दोनच तुकडे कामाचे: 'व्हीईएन' नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि 'डीईव्ही' नंतरची चार म्हणजे नेमकी चिप. यूएसबीवरच्या भागांना हेच 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' या नावांनी असतं.

कंपनीचे काही आकडे पाठच होऊन जातात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथरॉस, १००२ एएमडी आणि १०डीई एनव्हिडिया. समजा 'नेटवर्क कंट्रोलर'वर त्रिकोण आहे आणि आयडीत १६८सी आणि ००३६ दिसतं. म्हणजे ते अ‍ॅथरॉसचं एआर९५६५ वायफाय कार्ड. लॅपटॉपच्या झाकणावर कुणाचंही नाव असो, ड्रायव्हर अ‍ॅथरॉस ९५६५ चाच लागणार. त्याच्याऐवजी १४ई४ आणि ४३६५ निघालं तर ते ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, आणि मग पहिला ड्रायव्हर शंभर वेळा टाकला तरी उपयोग नाही.

आता मायक्रोसॉफ्टचा 'अपडेट कॅटलॉग' उघडा. विंडोज अपडेटमधून जे ड्रायव्हर येतात त्यांचं हे उघडं गोदाम आहे. शोधाच्या चौकटीत हार्डवेअर आयडी 'डीईव्ही'च्या चार अक्षरांपर्यंतच टाका, पुढचं 'सबसिस' वगैरे सोडून द्या. पूर्ण ओळ टाकली की अनेकदा काहीच सापडत नाही. आलेल्या यादीत तुमच्या विंडोजची आवृत्ती आणि 'एएमडी६४' किंवा 'एक्स६४' पाहा. 'एएमडी६४' पाहून इंटेलवाले तो पर्याय टाळतात. त्याचा अर्थ फक्त ६४-बिट, प्रोसेसर इंटेलचा असला तरी तोच घ्यायचा. फाइल कॅब प्रकारची उतरते. ती उघडून आतल्या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये काढा आणि तो फोल्डर डिव्हाइस मॅनेजरला दाखवा.

'अननोन डिव्हाइस' असं नाव असलं आणि आयडी 'एसीपीआय'ने सुरू होत असली तरी घाबरू नका. ८८०० हा आकडा असलेली 'एसएमओ८८००' आयडी म्हणजे लॅपटॉप पडला तर हार्डडिस्क सावरणारा सेन्सर. तुम्ही हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली असेल तर त्याचं कामच उरलेलं नाही. तो त्रिकोण तसाच राहिला तरी बिघडत नाही. सगळे त्रिकोण घालवायचेच असा अट्टहास नको.

या सगळ्याला पर्याय म्हणून 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी सॉफ्टवेअर जाहिरातींत दिसतात. मी ती कुणालाही सुचवत नाही. ती नीट चाललेले ड्रायव्हरही बदलतात, सोबत नको असलेले प्रोग्राम आणतात आणि नंतर बिघाड कशामुळे झाला ते शोधणं अवघड करून ठेवतात. हार्डवेअर आयडी शोधायला फार तर पंधरा मिनिटं लागतात आणि नेमकं उत्तर हाती येतं.

अडून बसणारी काही ठिकाणं

दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या एचडी ३००० ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. इंटेलच्या पानावर शोधून हाती काही लागणार नाही, विंडोज अपडेटमधून येणारा जुना ड्रायव्हर हाच उपाय. कोअर २ ड्युओवाल्यांनी विंडोज ११ च्या मागे लागू नये. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून लागणारा एक अंगभूत आदेश (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्ये नाही, त्यामुळे ते सुरूच होत नाही. कुठलाही ड्रायव्हर इथे मदत करणार नाही.

जुन्या लॅपटॉपांत आवाजाला आयडीटीची चिप असते. तिचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर रुसला तर 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये 'लेट मी पिक' घेऊन 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. कंपनीची इक्वलायझरची खिडकी जाते, आवाज मात्र येतो.

ड्रायव्हर बरोबर असूनही विंडोज ११ तो चालू देत नसेल तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'कोअर आयसोलेशन' पाहा. तिथलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असताना काही जुने ड्रायव्हर रोखले जातात. न जुळणाऱ्यांची यादीही तिथेच मिळते. ते संरक्षण बंद करून जुना ड्रायव्हर चालवण्यापेक्षा त्याच चिपचा नवा ड्रायव्हर शोधावा, असं माझं ठाम मत आहे. बँकेचे व्यवहार होतात त्या लॅपटॉपवर तर नक्कीच.

आता पंख्याचं. शटडाउननंतर पंखा फिरत राहतो त्यामागे बऱ्याचदा 'इंटेल मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस'चा नवा ड्रायव्हर असतो. विंडोज अपडेटने जुन्या यंत्रावर ११ क्रमांकाची आवृत्ती टाकलेली असते. डिव्हाइस मॅनेजरच्या 'सिस्टम डिव्हायसेस'मध्ये जाऊन तिची आवृत्ती पाहा आणि कंपनीच्या पानावरून ९ किंवा १० क्रमांकाची टाका.

काही दिवसांनी परत बिघडणारी तक्रारही अशीच, विंडोज अपडेट तुमच्या चालत्या ड्रायव्हरवर स्वतःचा चढवतं. 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं की आधीचा परत येतो. मग 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडा. मोठं वार्षिक अपडेट आलं की हे पुन्हा तपासावं लागतं, म्हणून चाललेल्या ड्रायव्हरची प्रत पेनड्राइव्हवर कायम ठेवा.

ड्रायव्हर की हार्डवेअर

वर दिलेलं सगळं करूनही भाग चालत नसेल तर पैसे खर्चण्याआधी ही चाचणी करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करा. तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. लिनक्समध्ये वायफाय, आवाज, टचपॅड चाललं तर भाग ठणठणीत आहेत, दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. तिथेही भाग दिसतच नसेल तर तो सुटला किंवा जळला असण्याची शक्यता मोठी. ब्रॉडकॉमची वायफाय कार्डं मात्र याला अपवाद धरा. ती चांगली असली तरी लिनक्समध्ये लगेच चालत नाहीत.

वायफाय कार्डच निकामी निघालं किंवा ड्रायव्हर कुठेच मिळाला नाही, तर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल घ्या. पाचशेच्या आतबाहेर काम होतं. आतलं कार्ड बदलायचं असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारता येईल. पण जाताना जुनं कार्ड सोबत न्या. मिनी पीसीआय-ई आणि एम.२ या दोन घडणी वेगळ्या आहेत, आणि काही जुन्या लॅपटॉपांचा बायॉस कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड लावलं तर सुरूच व्हायला नकार देतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

टचपॅड दाबला जात नाही आणि तळहात ठेवायचा भाग किंचित वर आलेला दिसतोय? अपग्रेडशी त्याचा संबंध नाही, खाली बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि स्वतः उघडू नका. फुगलेल्या बॅटरीला टोचणी लागली तर ती पेट घेते.

कंपनीचा लोगो येतो तेव्हाच पडद्यावर रेघा दिसत असतील तर ड्रायव्हर शोधणं थांबवा. त्या वेळी विंडोज सुरूही झालेलं नसतं, म्हणजे दोष ग्राफिक्स चिपचा किंवा पडद्याचा.

बायॉस अपडेट सगळ्यात शेवटी, आणि बॅटरी मेलेली असेल तर अजिबात नको. मधेच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं संरक्षण) असेल तर बायॉसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की हाती आहे याची खात्री करा. ती नसेल तर पुढे जाऊ नका. स्टोरेज कंट्रोलरचा (डिस्क चालवणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर बदलल्यावर निळा पडदा येऊन लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू होत असेल आणि आत बॅकअप नसलेले फोटो किंवा हिशेब असतील, तर स्वतः प्रयोग करू नका.

दुकानात देताना डिव्हाइस मॅनेजरमधला कोड आणि हार्डवेअर आयडी कागदावर लिहून द्या. आतला डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका, हे पावतीवरच लिहून घ्या.